चौथा माणूस कमी पडू नये

मिरजकर तिकटीवर एका बाईनं माझ्या हातात कागद ठेवला आणि म्हणाली, "काका, आमच्या मंडळाचं सभासद व्हा की." मी भाजीची पिशवी डाव्या हातात घेतली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि कागदावरचं नाव वाचलं. मंगळवार पेठ खांदेकरी मंडळ, स्थापना १९६४. हे मंडळ मी काढलेलं. मी आणि फक्रुद्दीन नदाफनं. वीस वर्षं मी त्याचा चिटणीस आहे, निदान कागदोपत्री तरी. बाई पंचवीस-सव्वीसची असेल, महिला शाखेचा बिल्ला पदरावर लावलेली, आणि मला ओळखण्याचं तिला काही कारण नव्हतं. मी विचारलं, "सभासद झाल्यावर काय मिळतंय?" माझ्या विचारण्यात खवचटपणा होता, नाही असं नाही, पण मला ऐकायचंही होतं. तिनं बोटांवर मोजत सांगितलं. वर्षाला नरसोबाच्या वाडीची सहल, शिकणाऱ्या पोरांना वह्या, घरच्या कार्याला भांडी, बायकांना हळदीकुंकू, दहावी झालेल्यांचा सत्कार. "आणि मंडळ करतंय काय?" मी म्हणालो. ती जरा घुटमळली. "हेच की," म्हणाली. मग तिला आठवलं. "आणि गाडी हाय की काका. मयताची." तिचा चेहरा इतका भला होता की मला तिचा राग येईना. मी हो म्हणालो, कागदाची घडी केली आणि पिशवीत मेथीवर ठेवून चालायला लागलो.

राग आला तो स्वतःचा. मी सरळ मौलालीच्या हॉटेलात जाऊन बसलो. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक स्टोव्ह आणि रस्त्याकडच्या भिंतीवर एक फळा. त्या फळ्यावर आता 'आजचे ताजे' असं लिहून खाली भजी, मिसळ, पाव अशी यादी असते. पूर्वी त्यावर फक्त एक नाव आणि एक वेळ असायची, आणि बऱ्याच दिवशी तीही नसायची. मौलालीनं चहा ठेवला, टेबल पुसलं, पुसलेलं परत पुसलं. तो असं करायला लागला की त्याच्या पोटात काहीतरी असतं. "बोल," मी म्हणालो. "कोडोलीला गेलतो, पावण्याच्यात लगीन हुतं," तो म्हणाला. "फक्रूभाईकडं जाऊन आलो. छाती पार भरलीया. बसूनच झोपत्यात." मी चहा बशीत ओतला. "आणि?" मौलाली म्हणाला, "तुमास्नी सांगू का नको असं झालंय. माझ्या म्होरं लेकीला, सलिमाला म्हणालं, मी गेलो तर पेठेत कळवू नको. त्यास्नी कामं असत्यात."

मी चहा प्यालो नाही. बशीत साय धरली, ती बघत बसलो. फक्रूभाईनं असं काही सांगून ठेवावं, आणि तेही एवढ्या साध्या शब्दांत, शिवी न देता. शिवी दिली असती तर मी तिला धरून लोंबकळलो असतो. माझं वय आता त्रेपन्न. लेथवर तीस वर्षं उभा राहिलोय, बोटांच्या रेषांत तेल कायमचं बसलंय, दोन लेकी नांदायला गेल्यात, बायकोची कंबर धरते. मला आयुष्यात आता फारसं काही मिळवायचं नव्हतं. पण फक्रुद्दीन नदाफच्या जनाज्याला माझा खांदा नसणार, ही गोष्ट मला सहन होईना. ती मला एखाद्या शिक्षेसारखी वाटली, आणि ती शिक्षा बरोबर आहे हेही मला माहीत होतं.

त्रेसष्ट साली चैत्रात माझे वडील गेले. आप्पा नेसरीचे, शेत भावांना देऊन मिलमध्ये आलेले, आणि आम्ही पेठेत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. सकाळी दहाला गेले. सकाळी दहा ही पेठेत मरायची वेळ नाही. सगळे बापई मिलमध्ये, उद्यमनगरात, नाहीतर गुळाच्या अड्ड्यावर. नेसरीला तार केली तरी माणसं संध्याकाळच्या आत येणार नव्हती आणि ऊन तर असं की पत्रा हात लावू देत नव्हता. मी मुलगा, म्हणजे मडकं धरून मला पुढं चालायचं. मागं चार हवेत. घरमालक आले, समोरचे शिंपी आले, दूध घालायला आलेला गुंडू रिकामी किटली दारात ठेवून थांबला. तीन झाले. चौथा मिळेना. एखादं बायका-पोरांचं घर आणि एखादं कुलूप, एवढंच गल्लीत उरलेलं. मी तीन गल्ल्या फिरलो. एक जण म्हणाला आमच्यातलं सुतक चालू आहे, एकानं पाठ दाखवून कंबर धरल्याचं सांगितलं, एकानं आडनाव विचारलं आणि मग त्याला काम आठवलं. सव्वा तास आप्पा अंगणात तिरडीवर बांधून पडले होते आणि माझी आई, अंबूबाई, पदराच्या टोकानं त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. तिच्या हाताची ती हालचाल मला अजून जशीच्या तशी दिसते. ती रडत नव्हती, तिला लाज वाटत होती. माणूस मेल्याचं दुःख मी समजू शकतो, पण मेलेल्याला उचलायला माणूस नाही याची जी लाज असते ती निराळीच, ती अंगाला चिकटते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कापूस पिंजायच्या कमानीची तार वाजली. गाद्या भरणारे गल्लीत शिरताना तशी तार वाजवून वर्दी देतात. एक उंच, काळा माणूस आत आला, भुवयांवर कापूस, दाढीत कापूस. त्यानं अंगण बघितलं, आम्हाला मोजलं. हो, मोजलंच, त्याचे ओठ हललेले मी पाहिले. मग कमान भिंतीला टेकवली, डोक्याचं मुंडासं सोडून तोंड झटकलं आणि म्हणाला, "कुठल्या बाजूला कमी हाय?" घरमालक पुटपुटले, "अवो पावणं, तुम्ही तर नदाफ दिसताय." आईनं मान वर केली. "येऊ द्या त्यास्नी," ती म्हणाली. "माझा मालक उनात पडलाय." तो मागच्या उजव्या बाजूला लागला. "ह्यो खांदा सवयीचा हाय," असं म्हणाला, कारण रोज त्यावर कमान असायची. पंचगंगेपर्यंत त्यानं खांदा बदलला नाही. मी पुढं, हातात मडकं, मागं बघायचं नसतं म्हणून बघत नव्हतो, पण त्याच्या श्वासाचा आवाज मला ओळखू येत होता, कारण तो कापूस छातीत गेलेल्या माणसाचा घरघरणारा श्वास होता. परत आल्यावर त्यानं कमान उचलली आणि गेला. नावसुद्धा सांगितलं नाही. आईनं मला दुसऱ्या दिवशी त्याला शोधायला पाठवलं.

त्याला शोधणं सोपं होतं, तारेचा आवाज ऐकत जायचं. मंडळाची कल्पना त्याची. मी आभार मानायला गेलो तर तो म्हणाला, "आभार ऱ्हाऊ द्या. काल मी त्या गल्लीत आलो नसतो तर काय केलं असतंसा?" त्यानं कमानीची तार ताणून बघितली. "ह्येच इचारत फिरू या," तो म्हणाला. आणि खरंच आम्ही वर्षभर तेच विचारत फिरलो. पुढं सहकाराचे, युनियनचे, लायब्ररीचे बरेच लोक मी सभासद गोळा करताना बघितले, पण फक्रूभाईसारखा कुणी नाही. त्याचा धंदाच असा की तो लोकांच्या घरात दिवसभर बसायचा. गादी उसवायची, जुना कापूस अंगणात पसरायचा, पिंजत राहायचं. दुपारी घरचा माणूस जेवायला आला की हा कापसाच्या ढगातून विचारायचा, "मालक, घरात बापई किती?" दोन, तीन. "मग चौथा कोण?" बायका त्याला तोंड भरून शिव्या द्यायच्या, सणासुदीचं हे काय अभद्र बोलणं म्हणून. तो हसायचा आणि आप्पांची गोष्ट सांगायचा, माझ्या आईचं माश्या वारणं सांगायचा. संध्याकाळी गादीला टाके पडेपर्यंत घरचा माणूस सभासद झालेला असायचा. पेठेतल्या पहिल्या साठ सभासदांपैकी निम्मे तरी ताज्या गादीवर झोपणारे होते. माझ्या आईच्या लाजेची गोष्ट घरोघर फिरते याचं मला आधी वाईट वाटायचं. आईला वाटलं नाही. "सांगू दे," ती म्हणाली. "मला तेवढंच बरं वाटतंय."

कलमं मी लिहिली, माझं अक्षर बरं म्हणून. पहिलं कलम त्यानं तोंडी सांगितलं आणि मी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही: पेठेतल्या कुठल्याही मयताला चौथा माणूस कमी पडू नये. एवढंच. जात नाही, सभासद-बिनसभासद नाही, वेळ नाही. पुढं त्यानं एक मेख मारून ठेवली. पहिलं कलम बदलायचं तर आम्हा दोघांची सही लागेल. मी म्हणालो, याची काय गरज? "उद्या तू एकटाच शाणा झालास तर?" तो म्हणाला आणि आम्ही दोघं हसलो. मौलालीच्या हॉटेलात, याच बाकावर.

आणि एक रीत होती, ती कलमांत नव्हती. नवीन सभासदाला पावती नाही, बिल्ला नाही. त्याचा पहिला खांदा अनोळखी माणसाला. ओळखीचं, नात्यातलं मयत असलं तर त्याला मागं चालायला सांगायचे, मोजायचे नाहीत. ज्याचं नाव तोंडी नाही, ज्याच्या घरचा चहा कधी प्यालो नाही, अशा कुणाचं तरी वजन खांद्यावर घेतलं की माणूस सभासद झाला. मला हे तेव्हा फक्रूभाईचं खूळ वाटायचं. पण वजन घेतलेला एकही माणूस मंडळ सोडून गेला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काय होत असेल ते मला शब्दांत सांगता येत नाही. माझा पहिला खांदा एका कानडी हमालाला होता, निपाणीकडचा, त्याची बायको काय बोलत होती ते आम्हाला कळतसुद्धा नव्हतं. बांबू गळ्याजवळ रुततो, पावलं जुळेपर्यंत तिरडी डुलते, मग केव्हातरी चौघांची पावलं आपोआप एक होतात आणि वजन कमी झाल्यासारखं वाटतं. ते वाटलं की आपण या गावात भाड्यानं राहत नाही, या गावचे आहोत, असं मला वाटलं होतं. नेसरी सोडल्यापासून पहिल्यांदा. कुणी आला नाही तर दंड नव्हता, कुणाला जाबही विचारायचा नाही. फक्रूभाई दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बसायचा, तब्येत विचारायचा, मयताचं नाव काढायचा नाही, उठून यायचा. पुढच्या वेळी तो माणूस सगळ्यांच्या आधी अंगणात हजर. फळ्यावर नाव लागलं की मौलाली स्टोव्ह बंद करायचा, शिंपी कात्री ठेवायचे, मी फोरमनला बोटानं खूण करून निघायचो आणि फोरमन मान हलवायचा. मयताच्या घरचं पाणीसुद्धा कुणी प्यायचं नाही. परत येताना दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मात्र सगळे मिळून प्यायचो, ओल्या कपड्यांनी, आणि गप्पा मारायचो त्या कुस्तीच्या. इतकं चांगलं दूध मी नंतर प्यालो नाही. दूध तेच असेल, माझी जीभ बदलली असेल. पण मला त्या दिवसांची फार आठवण येते, हे लपवण्यात काय अर्थ आहे?

बिघडवलं मी. दुसऱ्या कुणाचं नाव घेता येणार नाही. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास शेजारच्या पेठेत एक मंडळ निघालं, त्यांचे दोनशे सभासद झाले, त्यांच्या कार्यक्रमाला मोठे पाहुणे यायला लागले. आमचे साठचे सत्तर होईनात. मरणाच्या नावानं कोण येतंय, असं मला वाटायला लागलं. मी सहल काढली. मग भांडी आणली. मग हळदीकुंकू. नवीन माणसाला पहिल्यांदाच अनोळखी मयताला न्यायचं म्हणजे तो बिचकतो, म्हणून मी ती रीत सैल केली, आधी पावसाळ्यापुरती, मग कायमची. पावती फाडली की सभासद. चारशे झाले. मी चारशेचा आकडा घरी आईला सांगितला तेव्हा ती डाळ निवडत होती. "बरं झालं," म्हणाली, पण मान वर केली नाही. फक्रूभाई सभेत मागं बसायचा. एकदाच बोलला. "माणसं वाढली, जोती. खांदं किती वाढलं?" सभेत हशा झाला. मीही हसलो. चिटणीसाच्या खुर्चीत बसून हसणं सोपं असतं.

अठ्ठ्याहत्तरचा वर्धापनदिन. चौकात मांडव, पाहुणे यायचे होते, मी व्यासपीठावर मागचा फलक सरळ करत होतो. त्या फलकावर सोनेरी अक्षरांत पहिलं कलम लिहून घेतलं होतं, रंगाऱ्याला दोनदा पुसायला लावून. फक्रूभाई मांडवाच्या कडेला आला. साठीचा झाला होता, काठी घ्यायचा. "जोती," तो म्हणाला, "चिमणाबाई गेली. चार माणसं दे." चिमणाबाई तालमीपुढं उकडलेल्या शेंगा विकायची, एकटी बाई, तिला मागंपुढं कुणी नव्हतं. मी वर उभा, तो खाली. माझ्या समोर दीडशे माणसं खुर्च्यांवर बसलेली, सगळी खांदेकरी मंडळाची. मी म्हणालो, "पाहुणे दारात आहेत, फक्रूभाई. ते गेले की येतोच." तो "बरं" म्हणाला. पाहुण्यांनी पाऊण तास भाषण केलं, मंडळाच्या कार्याचा गौरव केला, मी हार घातला, माझा फोटो निघाला. दुपारी साडेअकराला मला एकदम चिमणाबाई आठवली. मी दोघांना घेऊन तिच्या खोलीकडं पळालो. दार ओढून घेतलेलं. शेजारीण म्हणाली, "गाडीवरनं न्हेलं न्हवं का." कांद्याच्या हातगाडीवरनं. फक्रूभाई आणि गुंडू, दोघांनीच. नदीवर पोचलो तेव्हा आग लागली होती. गुंडू चितेपाशी होता. फक्रूभाई पायरीवर बसला होता, शेजारी ती गाडी, तिच्या फळ्यांत कांद्याची सालं. तो उठला आणि गाडी ओढत माझ्या शेजारून निघून गेला. महिन्याभरात खोली सोडून लेकीकडं कोडोलीला गेला. मी त्याला पत्र लिहायला तीनदा बसलो. 'चि. सलिमास आशीर्वाद' इथपर्यंत लिहायचो आणि पुढं काय लिहावं ते सुचायचं नाही. सहा वर्षं अशी गेली.

मौलालीच्या हॉटेलातून मी घरी आलो तो हंबीरराव दारातच. हंबीरराव आमचा अध्यक्ष, वय तेहतीस, पतपेढीत नोकरीला, अंगात दहा माणसांचं काम. मी त्याला वाईट म्हणणार नाही. गाडी त्यानंच आणली, देणगीदार गाठून. "काका, तेवढा संमतीचा कागूद द्या की," तो म्हणाला. कागद पंधरा दिवस माझ्या कपाटात पडून होता. पहिलं कलम काढून तिथं 'सभासदांचा सर्वांगीण विकास' असं घालायचं होतं, कारण त्याशिवाय मंडळाच्या नियोजित सभागृहाला जागा मिळत नव्हती. "गाडी आली. आता खांदा कशाला लागतोय?" हंबीरराव म्हणाला. "आणि चौथा माणूस म्हटलं की नवी पोरं हसत्यात ओ. रविवारी सभा हाय. तुमची न् फक्रूचाचांची सही झाली की झालं." त्याच्या बोलण्यात चुकीचं काही नव्हतं. मीच त्याला हे शिकवलं होतं, फक्त त्यानं ते माझ्यापेक्षा नीट केलं होतं. मी म्हणालो, "मी स्वतः जातो कोडोलीला." त्याला वाटलं मी सहीसाठी जातोय. मलाही तसं वाटून घ्यायचं होतं, कारण दुसऱ्या कामासाठी जायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

एस.टी.त खिडकीशी बसलो. बाहेर ऊस तुटत होता, गुऱ्हाळांचा गोड, जळका वास गाडीत भरत होता. मी मनातल्या मनात बोलायचं ठरवत होतो. फक्रूभाई सही करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो चिडेल, कागद भिरकावेल, त्या दिवसाचं सगळं बाहेर काढेल आणि मग मला माफी मागायला जागा मिळेल. हंबीररावालाही सांगता येईल की म्हातारा ऐकत नाही. म्हणजे यातही मी त्याचाच खांदा वापरायला निघालो होतो. हे लक्षात आलं तेव्हा गाडी वाठारच्या पुढं गेली होती, आणि उतरून परत जावं असं एकदा मनात येऊन गेलं. तिकीट कोडोलीचं होतं म्हणून बसून राहिलो.

घर मशिदीमागं. पुढच्या खोलीत सलिमाच्या नवऱ्याचं कापूस पिंजायचं विजेचं यंत्र, ते बंद होतं. सलिमा दारात आली, लहान असताना पेठेत माझ्या आईच्या हातची पोळी खाणारी सलिमा, आता तिच्या केसांत पांढरं. तिनं मला ओळखलं आणि जरा वेळ दारातून हललीच नाही. मग म्हणाली, "या काका. अब्बा जागं हायत." आतल्या खोलीत फक्रूभाई बाजेवर उशा रचून टेकून बसला होता. एवढा उंच माणूस, बाजेत मावत नसायचा, आता अर्धी बाज रिकामी. "कोण?" त्यानं विचारलं. "मी जोती." "ये," तो म्हणाला. "भाकरी खाल्लीस?" मी हो म्हणालो, खोटंच. छातीची घरघर तीच होती, फक्त जवळ आली होती.

इकडचं तिकडचं झालं. मधल्या वर्षांत माझी आई गेल्याचं त्याला माहीत होतं. "मौलाली बोलला," म्हणाला. "चांगली बाई." मला सुरुवात कुठून करावी कळेना म्हणून मी खिशातला कागदच काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं सलिमाकडून चष्मा मागितला, एक काडी मोडलेली, दोऱ्यानं कानाला बांधायची. सगळा कागद वाचला, बोट फिरवत. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, आता चिडेल, आता चिडेल. त्यानं हात पुढं केला. "पेन दे." आणि सही केली. फक्रुद्दीन हुसेन नदाफ, तीच मोठी, वाकडी अक्षरं. "फक्रूभाई, वाचलं का नीट?" मी म्हणालो. "पहिलं कलम जातंय." त्यानं टोपण लावून पेन मला परत दिलं. "ते कवाच गेलतं, जोती. चिमणाबाईला गाडीवर घातली त्या दिशीच सही केली मी. पेन आज मिळालं एवढंच."

मी मान खाली घातली. जमीन शेणानं सारवलेली होती, बाजेच्या पायाशी बोटांचे ठसे उमटलेले. इतकी वर्षं घोकलेलं सगळं बोलणं नाहीसं झालं आणि मी नुसतं म्हणालो, "माझं चुकलं. मी त्या दिवशी खाली उतरायला हवं होतं." फक्रूभाई बराच वेळ खोकला. सलिमानं पाणी दिलं, ते त्यानं घोटघोट घेतलं. "तुझं चुकलंच," तो म्हणाला. "पर माझंबी हाय थोडं. सलिमा, तू बी ऐक." तो थांबत थांबत बोलत होता, दोन शब्दांमध्ये श्वास घेत. "म्या एकदाच हाक मारली. मांडवात गुंडूची भावकी बसली हुती, शिंपी हुता, जुनी पंधरा माणसं तरी मला दिसत हुती. खुर्च्यांत जाऊन हात धरला असता तर चार काय, धा उठली असती. न्हाय धरला. म्हटलं, बघू या ह्यांचं मंडळ. मला राग हुता, त्या गर्दीचा. तुझ्या हाराचा. तुला दाखवायला म्या त्या बाईला कांद्याच्या गाडीवर घातली, जोती. ती काय म्हणत आसंल मला?" त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, शेकडो मयतांत पाहिलं नव्हतं. मी बाजेच्या कडेला जाऊन बसलो, त्या अर्ध्या रिकाम्या जागेत. सहा वर्षं मी त्याला न्यायाधीश समजत होतो आणि तो इथं बाजेवर बसून माझ्यासारखाच रोज पंचगंगेच्या पायरीवर जाऊन येत होता. माझं निम्मं ओझं त्यानं उचललं असं म्हणता येणार नाही, माझं मला तेवढंच राहिलं. पण शेजारी आणखी कुणीतरी चालतंय हे कळलं.

मग मी कागद गुडघ्यावर घेतला आणि त्याच्या सहीखाली माझी केली. ज्या शब्दांना मी इतकं जपलं, सोन्यात रंगवलं, ते गेले आणि मला फारसं काही वाटलं नाही, याचं आश्चर्य वाटलं. रविवारी हंबीरराव खूश होईल, सभागृह होईल, ती बाई तिकटीवर आणखी कागद वाटेल, आणि ती बिचारी खोटं काही बोलणार नाही. कागद खिशात ठेवल्यावर मला बोलता आलं. "मी सहीसाठी आलो नव्हतो," मी म्हणालो. "मौलालीनं मला सांगितलंय तू सलिमाला काय सांगून ठेवलंयस ते. मला ते मान्य नाही. मी येणार. पेठेतनं आणखी कोण येईल ते मला सांगता येत नाही, मंडळ येईल असंही म्हणत नाही. मी येणार."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, मशिदीच्या हौदावर बादली आपटल्याचा आवाज आला. सलिमा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पदर तोंडाशी धरून. "सलिमा," फक्रूभाई म्हणाला, "मौलालीच्या शेजारी औषधाचं दुकान हाय, तिथं टेलिफोन हाय. नंबर घिऊन ठेव काकांकडनं." सलिमानं मान हलवली. मग तो मला म्हणाला, "हितं जमातीची माणसं घाई करत्यात. सकाळी गेलो तर सकाळीच उचलत्यात. पयली यष्टी कवा सुटती तिकडनं?"

"साडेसहाला," मी म्हणालो. "पावणेआठपर्यंत इथं."

"मग दुपारच्या, जोहरच्या नमाजापतोर ठेवायला सांगतो," तो म्हणाला, आणि ऐकलंस ना, अशा नजरेनं सलिमाकडं पाहिलं. तिनं परत मान हलवली. ती रडत होती आणि बोटांवर वेळ मोजतही होती.

"आणि यष्टी चुकली तर, काका?" ती म्हणाली.

मी म्हणणार होतो की चुकणार नाही. पण अशी वचनं मी आयुष्यात फार दिली होती, म्हणून तोंड उघडून तसाच बसलो. फक्रूभाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, हलका, हाडं हाडं झालेला.

"चुकली तर फुडची धर," तो म्हणाला. "मी थांबतो की."